उघडलं की खूण करायची

११ मार्च

चि. नेटवर्कवाल्यास आशीर्वाद.

तू गेल्याला आज आठ दिवस झाले. 'उद्यापर्यंत आपोआप सुरू होईल' अशी चिठ्ठी तू निघताना माझ्या कामाच्या टेबलावर ठेवलीस. तो उद्या अजून उजाडायचा आहे. लॅपटॉप चालू होतो, तू घातलेल्या नव्या प्रणालीच्या पांढऱ्या ओळी भराभरा वर सरकतात, मग चौकट येते, घड्याळ येतं (चार मिनिटं पुढे आहे, घड्याळजीच्या घरात हे शोभत नाही), पण वायफायचं नाव कुठेच दिसत नाही. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी पासवर्ड पेन्सिलीने लिहून दिलाय, तो मी भिंतीला चिकटवलाय. तो विचारणारं कुणी नाही.

आधीची विकतची प्रणाली बरी होती असं मी म्हणणार नाही. तू दोन तास तिचे दोष सांगितलेस आणि मी मान डोलावली. त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही, कारण तू टेबलाकडे तोंड करून बोलत होतास. ही तुझी जुनी खोड. ओठ दिसले तर मला कळतं, पाठ दिसली की मी नुसती मान डोलावतो. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे.

घाई करायची नाही, पण दोन शनिवार गेले. दर शनिवारी चार वाजता तुझी ताई पडद्यावर यायची. तिचं तोंड ताटाएवढं दिसायचं, त्यामुळे शब्द न् शब्द कळायचा. शिंपीणबाईंच्या मोबाइलवर एकदा बसून पाहिलं. लेकीचे ओठ मोहरीएवढे, आणि मागे दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला उभी. मी उठून आलो. माझा फोन बटणांचा, त्यात नुसता खरखराट.

आमचं बोलणं म्हणजे काय, तर भांडण. ती म्हणणार, बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या. मी म्हणणार, हात चालतायत तोवर येत नाही. वीस मिनिटं हेच. पण ते भांडण नसलं की शनिवार फार लांबतो. तेव्हा काय करायचं ते लिही.

मामा

१९ मार्च

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आधी हसलो, मग वाईट वाटलं.

घाबरू नका, बिघडलेलं काही नाही. तुमची नवी प्रणाली युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीची सख्खी मुलगी नसली तरी त्याच घराण्यातली आहे. घराणं जुनं आणि करारी. विकतची प्रणाली कुणालाही 'या, बसा' म्हणते. ही मात्र ज्याची ओळख पटत नाही त्याला दारातच उभं करते. लॅपटॉपच्या पोटात बोटाच्या दोन पेरांएवढी एक हिरवी पट्टी असते, ते वायरलेस कार्ड. त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, प्रणालीकडे असावा लागतो. तो सापडला की झालं.

आता तुमचं काम. काळी खिडकी उघडा, डीएमईएसजी ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. मशीन चालू होताना कुणाकुणाची ओळख पटली त्याची यादी येईल. ती जशीच्या तशी कागदावर उतरवून पाठवा. लांब आहे, पण तुमच्याइतका नेटका माणूस मला दुसरा माहीत नाही.

एक आनंदाची बातमी. तुमच्याकडून निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशीची मुलाखत चांगली झाली. घरूनच, लॅपटॉपवर झाली. पहिल्या तारखेला रुजू होतोय.

तुमचा,
भाचा

२ एप्रिल

चि. नोकरदारास आशीर्वाद.

नोकरीचं वाचून फार बरं वाटलं. दुकानात येईल त्याला सांगतोय. एकाने विचारलं, काय करतो तुमचा भाचा, तर मी म्हटलं, नेटवर्क सुरळीत ठेवतो. मग तो माझ्या बंद लॅपटॉपकडे बघून गालातल्या गालात हसला, पण ते सोड.

सोबत चौऱ्याण्णव ओळी आहेत. तीन दिवस लागले. एकसष्टावी ओळ लाल शाईने लिहिलीय, कारण तिच्या शेवटी 'नॉट कॉन्फिगर्ड' असं आहे. बाकी सगळ्यांना प्रणालीने नावं दिली, याला नाही दिलं. हाच तो दारात उभा असलेला, असा माझा अंदाज.

आता एक कबुली. तू लॅपटॉप शोधून आणून दिलास तेव्हा बजावलं होतंस, मामा, हे घड्याळ नाही, उघडू नका. मी पहिल्याच आठवड्यात उघडला. ज्या यंत्राचं पोट पाहिलं नाही ते घरात ठेवून मला चैन पडत नाही. सहा स्क्रू काढले, ते कार्ड चिमट्याने बाहेर काढलं, बघितलं आणि परत बसवलं. आमच्याकडे शिस्त आहे की उघडलं की खूण करायची. घड्याळाच्या झाकणाच्या आत सुईने बारीक ओरखडा, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं की आपल्या आधी इथे कुणी हात घातलाय. तशी कार्डावरच्या पातळ पत्र्याच्या कडेला केली. दोन टिंबं, खाली रेघ. त्यानंतर महिनाभर सगळं चालत होतं, म्हणून तुला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लाज वाटली. या वयात मनाई मोडून पकडला जाण्याची लाज फार वाईट.

पण आता मन खातंय. कार्डाला दोन बारीक तारा टोपीसारख्या दाबून बसवायच्या असतात. त्यातली एक मी अर्धवट बसवली असेल आणि ती हळूहळू सुटली असेल, असं होऊ शकतं का? हल्ली बारीक कामात हात किंचित थरथरतो. गेल्या महिन्यात केसाएवढी स्प्रिंग दोनदा चिमट्यातून निसटली. मी कुणाला बोललो नाही.

तू मला खूश करायला काही लिहू नकोस. माझ्या हाताने बिघडलं असेल तर स्पष्ट सांग. लोक त्यांच्या वडिलांची घड्याळं माझ्याकडे देतात. हात भरवशाचा नसेल तर ती घेणं मला शोभत नाही. दुकान चालवायचं की नाही हे मी त्यावर ठरवणार आहे.

मामा

१० एप्रिल

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

चौऱ्याण्णव ओळी मिळाल्या. एकही अक्षर चुकलेलं नाही. ऑफिसात एकाला दाखवल्या तर त्याला वाटलं छापलेल्या आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. हो, तसं होऊ शकतं. तार सुटू शकते. कधीकधी नुसता हात लागला तरी अंगातल्या स्थिर विजेने कार्ड दुबळं होतं, लगेच कळत नाही, महिना-दोन महिन्यांनी कळतं. तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पण शक्यता नाकारता येत नाही. कुणाच्याही हातून होतं. मनाला लावून घेऊ नका.

सोबत एक पेनड्राइव्ह पाठवतोय. कार्डाला जागं व्हायला एक छोटी फाइल लागते, ती यात आहे. कागदावर लिहिलेल्या चार कमांड ओळीने द्या. काही झालं नाही तर लॅपटॉप बंद करून झाकण उघडा, कार्ड काढून परत घट्ट बसवा, आणि पुन्हा बघा. आता उघडायला माझी परवानगी आहे.

कामाचा रगाडा फार आहे, म्हणून थोडक्यात.

तुमचा,
भाचा

२८ एप्रिल

ती. मामांस नमस्कार.

अठरा दिवसांत पत्र नाही. पेनड्राइव्ह मिळाला का? तब्येत बरी आहे ना? दोन ओळी तरी टाका. लॅपटॉपचं राहू द्या, तुमचं कळवा.

भाचा

८ मे

चि. भाच्यास आशीर्वाद.

तब्येत ठीक आहे. लिहायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

तुझ्या चार कमांड दिल्या. प्रणालीने मुकाट्याने ऐकून घेतल्या आणि एकसष्टावी ओळ होती तशीच ठेवली. मग तू म्हणालास तसं झाकण उघडलं. तारा घट्ट होत्या. कार्ड काढलं, भिंगाखाली धरलं, म्हटलं आपली खूण बघावी.

खूण नाही. पत्र्याच्या चारही बाजू पाहिल्या. भिंग बदललं. खिडकीशी जाऊन उन्हात पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेव्हाही नाही. मला मात्र स्पष्ट आठवतंय की मी सुईला धार लावली होती, दोन टिंबं केली होती आणि रेघ ओढताना श्वास धरला होता.

एखाद्या गिऱ्हाइकाचं घड्याळ असतं तर मी सरळ म्हटलं असतं, मधे कुणीतरी हात मारलाय. पण इथे मधे फक्त तूच होतास. तेव्हा तो प्रश्नच नाही. म्हणजे चूक माझ्यातच आहे. एक तर खूण आहे आणि मला दिसत नाही, किंवा खूण मी केलीच नाही आणि केल्याचं मला आठवतंय. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येईना. हाताचं तू सांगितलंसच. आता नजर आणि डोकं या दोघांचंही कळलं.

दुरुस्तीला आलेली अकरा घड्याळं परत केली. प्रत्येकाला वाटलं मी चेष्टा करतोय. शाळेच्या इमारतीवरचं मोठं घड्याळ मी छत्तीस वर्षं सांभाळतोय, त्याची किल्ली मुख्याध्यापकांना नेऊन दिली. त्यांनी नव्या माणसाला काम दिलंसुद्धा. दुकानाची चावी एकतीस तारखेला मालकाला द्यायची आहे. लेकीला पत्र टाकलंय की मी येतो, तू जिंकलीस. तिला आनंद होईल. मला व्हायला वेळ लागेल.

तू उगाच वाईट वाटून घेऊ नकोस. तू वेळेवर खरं सांगितलंस, हे उपकारच झाले. नाहीतर मी कुणाचं तरी मोलाचं घड्याळ बिघडवून बसलो असतो.

मामा

१२ मे

मामा,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. चावी देऊ नका. हे पत्र वाचून होईपर्यंत चावी कुणालाही देऊ नका.

तुमची खूण आहे. ती माझ्याकडे आहे. तुमचं पत्र वाचल्यावर मी माझा लॅपटॉप उघडला, आतलं कार्ड काढलं आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहिलं. पत्र्याच्या कडेला दोन टिंबं आहेत आणि खाली रेघ आहे. रेघ सरळ आहे, मामा. पट्टीने ओढल्यासारखी सरळ आहे.

तुमच्या लॅपटॉपमध्ये जे कार्ड आहे ते माझं, दिसायला अगदी तुमच्यासारखंच. दर दहा मिनिटांनी मान टाकायचं. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती, मधेच संपर्क तुटला असता तर नोकरी गेली असती, आणि नोकरी नसल्याला तेव्हा सात महिने झाले होते. हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. तुमच्याकडे नवी प्रणाली घालायला बसलो तेव्हा झाकण उघडलं आणि तुमचं कार्ड दिसलं. ते चांगलं होतं.

मी विचारलं होतं. हे मी दोन महिने स्वतःला सांगतोय, म्हणून लिहूनच टाकतो. तुम्ही माझ्या मागे उभे होता. मी म्हणालो, "मामा, तुमचं कार्ड मी नेतो, माझं तुम्हाला ठेवतो, चालेल ना?" चांगलं मोठ्याने म्हणालो, पण टेबलाकडे तोंड करून. मग वळून पाहिलं तर तुम्ही मान डोलावत होता. तुम्ही कधी आणि कशी मान डोलावता हे मला पुरतं ठाऊक आहे. तोंड वळवायला दोन सेकंद लागले असते. मी मुद्दाम वळवलं नाही.

माझं कार्ड नवी प्रणाली ओळखत नाही हे मला निघण्यापूर्वीच दिसलं होतं. गाडीची वेळ झाली होती, म्हणून ती चिठ्ठी लिहिली. मग वाटलं, एखादा ड्रायव्हर सापडेल, माझं कार्ड चालू होईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. चौऱ्याण्णव ओळी मी तेवढ्यासाठी उतरवून घेतल्या. एकसष्टावी ओळ काय असणार हे मला आधीच माहीत होतं. तुम्ही ती लाल शाईने लिहिलीत, ते पाहून मी कागद खणात टाकला आणि दोन दिवस खण उघडला नाही.

दहा एप्रिलचं पत्र सगळ्यात वाईट. तुम्ही स्पष्ट विचारलं होतंत, दुकान त्यावर आहे असंही लिहिलं होतंत. मला एका ओळीत सांगता आलं असतं की तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. त्याऐवजी मी स्थिर विजेचं लिहिलं. तुमच्या हातावर ढकललं की मी सुटत होतो. तुम्ही त्यासाठी माझे आभार मानलेत, ते वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधे फक्त तूच होतास म्हणून प्रश्नच नाही, हे वाक्य मी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं आणि वर कामावर जाऊ शकलो नाही.

तुमचं कार्ड सोबतच्या डबीत कापसात गुंडाळून पाठवतोय. याचा ड्रायव्हर प्रणालीकडे आहे. पेनड्राइव्हमधली फाइल याच कार्डाची, माझ्या कार्डाला तिचा काही उपयोग नव्हता; त्याचा ड्रायव्हर मिळालाच नाही, म्हणून नुसती वेळ काढायला ती पाठवली होती. त्याच चार कमांड पुन्हा द्या, मग भिंतीवरचा पासवर्ड. कार्ड तुम्हीच बसवा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

शाळेच्या घड्याळाचं मी काय करू, मला कळत नाही. मुख्याध्यापकांना पत्र लिहू का? ताईला लिहू का? सांगाल ते करीन. तुमच्यासमोर यायला मला तोंड नाही.

भाचा

२१ मे

भाच्यास,

आशीर्वाद आज लिहीत नाही. रागावलोय. पुढच्या पत्रात बघू.

तुझं पत्र मी दुकानातच वाचलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. आधी आनंद झाला, हे तुला सांगितलं पाहिजे. माझं डोकं ठिकाणावर आहे, याचा इतका आनंद झाला की तू काय केलंस ते लक्षात यायला मला पाणी पिऊन होईपर्यंत वेळ लागला. मग मात्र आलं. मी दोन दिवस कार्ड उन्हात धरून स्वतःची नजर तपासत होतो, आणि खूण तुझ्याजवळ होती. पोरा, नोकरी नाही म्हणून मला सांगितलं असतंस तर मी कार्डच काय, लॅपटॉप उचलून दिला असता. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस.

मलाही थोडी लाज वाटायची ती वाटलीच. छत्तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की खुणेवर विश्वास ठेवा, माणसं विसरतात. आणि वेळ आली तेव्हा मी खूण सोडून तुझ्यावर विश्वास ठेवला. पुन्हा वेळ आली तर काय करीन, ते सांगता येत नाही.

डबी आली. रविवारी सकाळी खिडकीशी बसलो, सहा स्क्रू काढले, तुझं कार्ड काढलं, माझं बसवलं. तारांच्या दोन्ही टोप्या पहिल्या दाबात बसल्या. हात थरथरत नाही असं नाही, थोडा थरथरतो. पण मधल्या महिन्यात जो थरथरत होता तो भीतीने, हे आता कळलं. रेघ सरळ आहे म्हणालास, ती मी भिंगाखाली पाहिली. आहे सरळ.

मशीन चालू केलं. तुझ्या चार कमांड दिल्या, डीएमईएसजी टाइप केलं. एकसष्टाव्या ओळीत 'नॉट कॉन्फिगर्ड' नाही, कार्डाला नाव मिळालंय. पासवर्ड विचारला, भिंतीवरचा दिला. शिंपीणबाईंचं नेटवर्क आलं. घड्याळही आपोआप चार मिनिटं मागे आलं.

आता ऐक. चावी मालकाला दिलेली नाही. अकरांपैकी सात घड्याळं परत आलीत, चार दुसरीकडे गेली. शाळेचं घड्याळ गेलं ते गेलं. नवा माणूस तरुण आहे, त्याच्या हातून काम काढून घ्यायला मी जाणार नाही आणि तू मुख्याध्यापकांना काही लिहायचं नाहीस. घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतंय, मी रस्त्यावरून जाताना तिकडे बघत नाही. ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

ताईला मी यातलं काहीही कळवलेलं नाही. ती माझ्या येण्याची तयारी करतेय, खोलीला रंग देतेय. तिला शनिवारी सांगायचं आहे की बाबा येत नाहीत, आणि का येत नाहीत. ते मी सांगणार नाही. तू येशील. सुट्टी मिळत नाही वगैरे लिहू नकोस. तुझं कार्ड मी डबीत ठेवलंय, ते टपालाने येणार नाही. माझा लॅपटॉप उघडून तू कार्ड काढलंस, पण त्यावर खूण केली नाहीस. ती माझ्या खुणेच्या शेजारी करायची. सुई मी देईन.

मग चार वाजता माझ्या शेजारी बसायचं, ती पडद्यावर आली की सगळं तिला तूच सांगायचं. तोंड नाही म्हणून लिहिलंस. असेल तसं घेऊन ये. हळू बोललास तरी चालेल, पण तोंड आमच्याकडे ठेव. टेबलाकडे बघून बोललास तर मला ऐकू येत नाही.

मामा